खिडकीतली काच

नवऱ्याला, रॉलीला, मातीत ठेवून अठरा दिवस झाले आणि ऑड्रीने खिडकीच्या फळीवर ठेवलेली ती बोराएवढी काच उचलून कोटाच्या खिशात टाकली. चव्वेचाळीस वर्षांत तिने त्या काचेला बोट लावलं नव्हतं. धक्क्याच्या टोकापर्यंत ती चालत गेली, आसपास कोणी नाही हे पाहून घेतलं आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून काच समुद्रात भिरकावली. घरी येऊन तिने चहा केला. रिकाम्या खिडकीकडे बघत दोन कप प्यायली. "सुटले बाई एकदाची," असं मोठ्याने म्हणालीसुद्धा.

त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी शेजारचा विल्फ दारात उभा. एका हातात गरम स्टॉटी पाव, दुसऱ्या हातात काच.

"तुमची काच सापडली गं," तो म्हणाला. सत्तरी उलटलेला माणूस, पण चेहरा बक्षीस मिळाल्यासारखा. "खाली किनाऱ्याच्या जिन्याशी, त्या चपट्या दगडावर. कोरडी. कुणी आणून ठेवावी तशी. पडली कशी तुझ्याकडून?"

"पडली असेल," ऑड्री म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

सीहॅमची माणसं ही अशी. लाटांनी घासलेल्या काचा वेचताना किनाऱ्यावर तुमच्या नाकाखालचा निळा तुकडा उचलतील आणि वर दात काढतील. पण एकदा का काच कुणाच्या खिडकीत बसली की ती त्या घरची. मग ती समुद्रातून आली काय नि आभाळातून पडली काय, ती त्या घरी पोचती करायची. आणि कुणाच्या खिडकीत काय आहे, हे तर गावाला पाठ. किनाऱ्याकडे जाणारी वाट ऑड्रीच्या स्वयंपाकघराला घासून जाते. तिथून जाणारा प्रत्येक काचवेडा मान वाकडी करून तो तुकडा बघायचाच. बोराएवढा, दुधी, पोटात एक निळी आणि एक लाल रेघ. एका अंगाने सपाट, म्हणजे त्याचा दुसरा अर्धा भाग अजून समुद्रात कुठेतरी आहे. टाकाऊ काच समुद्रात लोटणारा बाटल्यांचा कारखाना बंद होऊन शंभर वर्षं झाली, पण असा तुकडा गावात दुसरा कुणाला मिळालेला नाही.

ऑड्रीला तो डोळ्यांसमोर नको होता.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, मार्चमधल्या एका सकाळी रॉली त्यांच्या आठ वर्षांच्या लेकीला, लॉर्नाला घेऊन काचा वेचायला गेला आणि एकटाच परत आला. पोरीला लाटेने नेलं. तो गळ्याइतक्या पाण्यात शिरला होता, विल्फने आणि खाणीत काम करणाऱ्या दोघांनी त्याला ओढून काढलं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. गावाला ठाऊक नव्हतं ते ऑड्रीला त्याच संध्याकाळी सापडलं. रॉलीचा ओला कोट वाळत घालताना, खिशात, ही काच.

"पोरगी जात होती तेव्हा तू हे वेचत होतास?" तिने विचारलं.

रॉली बोलला नाही. बोलला नाही म्हणजे खरं, असं तिने धरलं. त्याच्या खुर्चीसमोरच्या खिडकीत तिने ती काच ठेवली आणि म्हणाली, "इथेच राहील ही. रोज बघ." त्यानंतर त्या घरात लॉर्नाचं नाव निघालं नाही.

तो रोज बघत राहिला. त्या काचेसमोर बसून जेवला, म्हातारा झाला. त्याहून वाईट म्हणजे दरवर्षी मार्चमध्ये, पोरगी गेली त्या तारखेला, तो त्या काचेला अंघोळ घालायचा. त्या दिवशी ऑड्री घरात थांबत नसे. पहाटेच्या बसने संडरलंडला बहिणीकडे जाई आणि दुसऱ्या दिवशी परते. येऊन बघावं तर काच लख्ख आणि तिच्याखाली लाकडावर ओला गोल डाग. दगड आहे हा माणूस, असं तिला वाटे. लॉर्ना गेली त्या दिवशी केला नसेल एवढा त्याचा द्वेष तिने त्या डागापायी केला.

आता रॉली नव्हता, तरी डाग होता. विल्फने आणून दिलेली काच तिने खिडकीत ठेवली तेव्हा कोरडी होती. दुपारी तिच्याखाली ओल आली. तिने पुसली. पुन्हा आली. बोट लावून जिभेवर टेकवलं तर खारट. ऑड्री तशीच उठली, कड्यावर गेली आणि काच खाली फेकली. ती पाण्यात पडताना तिने डोळ्यांनी पाहिली.

चार दिवसांनी विल्फ पुन्हा दारात.

"त्याच दगडावर बघ!" तो म्हणाला. "अगं, खिशाला भोक आहे की काय तुझ्या?"

"कशाला आणतोस परत?" ऑड्री किंचाळली. "टाकली मी ती! या हाताने टाकली! दोनदा!"

विल्फचं हसू मावळलं. तो न विचारताच आत आला आणि खुर्चीत बसला. रॉलीच्या खुर्चीत.

"टाकली?" तो म्हणाला. "म्हणजे मग रॉलीसुद्धा..."

"रॉलीसुद्धा काय?"

"दर मार्चला मीच आणून द्यायचो ना त्याला. तू बहिणीकडे जायचीस तेव्हा. कायम त्याच दगडावर मिळायची. मला वाटायचं, पोरीची आठवण म्हणून बरोबर नेतो आणि हातातून निसटते. माझ्या हातात बघून पांढराफटक पडायचा गं. मी म्हणायचो, बघा, आनंद मावेना गड्याला." त्याने तोंडावरून हात फिरवला. "चव्वेचाळीस वर्षं त्याने टाकलेली काच मी गाढवासारखा परत आणत राहिलो."

"पोरीची कसली आठवण? त्याने वेचलेली आहे ती."

"छे! लॉर्नाला सापडली. त्यानेच एकदा सांगितलं. पोरीने त्याच्या हातात दिली. म्हणाली, डॅडी, धर ही, मी हिची जोडी घेऊन येते. त्याने खिशात ठेवायला मान खाली घातली. तेवढंच."

ऑड्री भिंतीला टेकली. लॉर्ना सापडलेल्या काचा चपट्या दगडावर ओळीने मांडायची, मोठी आधी, हे तिला इतक्या वर्षांनी आठवलं.

"मला का नाही बोलला?"

"मीही विचारलं होतं. म्हणाला, तिला रागवायला कुणीतरी लागतं. पोरीवर तर रागावता येत नाही."

ऑड्री रडली, ते विल्फ निघून गेल्यावर. लॉर्नासाठी रडली आणि नंतर, फार उशिराने, रॉलीसाठी. माफी मागायला माणूसच उरला नव्हता.

सकाळी ओहोटीला विल्फ किनाऱ्यावर उतरला तेव्हा ऑड्री त्याच्याआधी तिथे होती. रॉलीचा कोट अंगावर, एक हात खिशात मुठीत आवळलेला. लॉर्ना गेली त्या सकाळनंतर ती हा जिना पहिल्यांदा उतरली होती. चपटा दगड रिकामा होता. ती कमरेत वाकून खड्यांमधून बोटं फिरवत होती.

"काय शोधतेस?" विल्फने विचारलं.

"हिची जोडी," ऑड्री म्हणाली. "लॉर्नाला हवी होती."

ती मान वर न करता पुढे सरकली, पाण्याच्या अगदी कडेला. विल्फने काचा वेचायची पिशवी दगडावर ठेवली. तो तिच्या आणि लाटांच्या मध्ये जाऊन उभा राहिला, तोंड समुद्राकडे करून.