गच्चीवरचा पंप

"ओ सिस्टर, आदी तुमचा गच्चीवरला पंप बंद करा. मग टोचा काय टोचायचं ते!"

महिपतीने सुई लावलेला हात चादरीखाली दडवला. सोलापूरच्या त्या दवाखान्यात सिस्टर पार्वतम्मा औषधाची बाटली टांगून उभी होती. कपाळाला आठ्या.

"हात काढा, मामा."

"पंप."

"मी सिस्टर हाय, वायरमन न्हाय. कानात शिट्टी, घंटी, काय वाजतंय का? चक्कर?"

"कानात न्हाय, गच्चीवर वाजतंय! बेरिंग खलास झालंय. परवापासनं कोकलतोय. सगळा वार्ड बहिरा, आन् ईचारताय कुनाला? मला?"

"रोज ईचारावं लागतं. औषदच तसलं हाय."

"माज्या कानाला नाव ठेवायचं काम न्हाय!"

शेजारच्या कॉटवरचा म्हातारा खोकत म्हणाला, "ह्याला एकट्याला खोली द्या बाबा. न्हाईतर मला सोडा."

महिपतीच्या कानाला नाव ठेवणारा माणूस उजनी धरणाच्या काठाला अजून जन्मला नव्हता. बॅकवॉटरच्या दोन्ही तीरांवरच्या ऊस-केळीच्या मोटरी तोच दुरुस्त करायचा. मोटर खोलून बघणं त्याला कमीपणाचं वाटे. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरीला, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. लोक सांगत, की एकदा ऐलतीरावर जेवताना त्याने पैलतीरावरची मोटर ऐकली, हातातला घास तसाच धरून "गेली" म्हणाला आणि घास तोंडात जायच्या आत पलीकडून धूर निघाला. त्याच्या लग्नात तर मंगलाष्टकं थांबवून हा ओरडला होता, "जनरेटरचा पट्टा घसरतोय!" कुणी उठायच्या आत मांडवात काळोख. अक्षता अंधारातच पडल्या. कुणाच्या डोक्यावर पडल्या ते कळलं नाही म्हणूनच संसार असा झाला, असं बायको सोजरबाई येईल त्या पाहुण्याला सांगत असे. काठावरची माणसं थोडी फुगवून बोलतात हे खरं. पण कान खरा होता. त्याच्यावरच घर चाललं होतं आणि त्याच्यावरच महिपतीची मान ताठ होती.

पंपाच्या पाण्यातल्या पाइपचा फूटव्हॉल्व्ह काढायला महिपती चिखलात उतरला आणि पत्र्याने पोटरी फाटली. त्यावर त्याने डिझेलची चिंधी बांधली आणि कामाला लागला. पाय भोपळ्यासारखा सुजला, ताप डोक्यात गेला, मोटरींशी भांडू लागला. सोजरबाईने त्याला टेम्पोत घालून आणलं तेव्हा विष रक्तात उतरलं होतं. तपासणीत निघालेला जंतू एवढा कोडगा, की साध्या औषधांना दाद देईना. डॉक्टर भार्गवींनी मग एक भारी इंजेक्शन काढलं.

"जीव वाचवेल," त्या म्हणाल्या होत्या, "पण अंगात साठलं तर मूत्रपिंडाला आणि कानाला धरतं. म्हणून वजन बघून मात्रा ठरवायची, रक्त तपासत राहायचं आणि लघवी मोजायची. कानात बारीकसं काही वाजलं तरी लगेच सांगायचं."

महिपतीने ऐकलं ते एवढंच, की ही बया आपल्या कानाबद्दल काहीतरी वाईट बोलते आहे.

तेव्हापासून युद्ध सुरू झालं. लघवीचं मोजपात्र तो मोरीत ओतून मोकळा होई. "कितीक झाली?" म्हणून विचारलं की म्हणे, "धरन भरंल एवढी." परवा ती शिट्टी सुरू झाली आणि त्याला हत्यारच मिळालं. ह्यांच्या पंपाचं बेअरिंग गेलंय, आणि मोठे आले माझे कान तपासायला! त्याने असा काही गोंधळ घातला, की काल संध्याकाळी पार्वतम्माने वैतागून पंपाची तक्रार लिहून दिली.

"हात, मामा. शेवटचं सांगते."

महिपतीने मेहेरबानी केल्यासारखा हात पुढे केला. तिने नळी जोडली, नळीवरची चाकी हळूहळू सोडली. थेंब पडू लागले. तेवढ्यात सोजरबाई रिकामी बादली आपटत आत आली.

"घ्या! नळाला पानी न्हाय. संडासापाशी बाया मला शिव्या देत्यात. म्हनं, तुज्या नवऱ्यानं बोंब मारली म्हनून पंप उतरिवला!"

"उतरिवला?" महिपती म्हणाला. "कवा?"

"सकाळीच. खाली अंगनात खोलून पडलाय. मिस्त्री म्हनतोय, बेरिंगला काय बी झालं न्हाय, नव्यावानी हाय. कोन तो शाना, त्याला दाखवा मला, म्हनतोय."

"लबाड बोलतोय भाडखाऊ! आत्ता वाजतोय बघ की. ऐक."

सोजरबाईने ऐकलं. म्हाताऱ्याने खोकला आवरून ऐकलं. वॉर्डात फक्त पंख्याची खडखड होती.

"कुटं वाजतंय वो?" सोजरबाई म्हणाली.

पार्वतम्माचा हात आधी हलला. तिने चाकी बंद केली. थेंब लटकून राहिला.

"अय्यो मामा," ती म्हणाली. तिच्या आवाजातलं भांडण कुठं गेलं कळेना. "परवापासनं?"

"चालू कर ते! माजं औषद बंद करती व्हय? अर्धी बाटली घरी न्हेती का काय?"

"डॉक्टरबाईंना ईचारल्याबिगर आता थेंब बी जानार न्हाय."

"मला खाली न्या," महिपती म्हणाला. "माज्या डोळ्यानं बघतो."

तिने नाही म्हटलं. तो एका पायावर उभा राहिला. शेवटी चाकाच्या खुर्चीत घालून दोघींनी त्याला अंगणात आणलं, तोवर त्याची शिवीगाळ चालूच होती. मिस्त्री चहाला गेला होता. पंप पोत्यावर पडला होता, वायरी सुटलेल्या, बेअरिंग बाजूला काढून ठेवलेलं. महिपतीने ते उचललं, बोटावर धरून गरकन फिरवलं. लोण्यासारखं फिरलं. मग त्याने पंपाच्या गार लोखंडावर तळहात ठेवला.

शिट्टी वाजत होती.

त्या दिवशी त्याने पुढे एकही शिवी दिली नाही. सोजरबाई त्याच भीतीने रडली.

डॉक्टर भार्गवींनी औषध बदललं. मूत्रपिंडालाही झळ लागलेली रक्तात दिसली. मोजपात्र मोरीत गेलं नसतं, तर कदाचित आधी कळलं असतं. कानांची तपासणी करून त्या म्हणाल्या, "बारीक आवाज गेलेत. ते परत येतील असं मी सांगणार नाही. उरलेत ते राखू." पाय मात्र वाचला, आणि जीवही. निघताना पार्वतम्मा म्हणाली, "पुन्यांदा कुटं सुई घ्यायची वेळ आली तर हे औषद झालंय म्हनून आदी सांगा. खोटं बोलू नका."

"बरं," महिपती म्हणाला. अख्ख्या मुक्कामात तिचं ऐकलेलं ते पहिलंच.

उसाला पाणी द्यायच्या दिवसांत काठावरचा ऊसवाला उदयसिंह टेम्पोत मोटर घालून दारात आला. माणसाचं बोलणं महिपतीला ऐकू येई, टेम्पोचा हॉर्न ऐकू येई, सोजरबाईचे टोमणे तर पहिल्यापेक्षा जास्तच. मोटर जोडून चालू केली. त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. नुसती जाड घरघर. बराच वेळ गेला.

"काय म्हनतीया, आन्ना?" उदयसिंहाने विचारलं.

"गप की जरा! घाई हाय तर घेऊन जा तुजी मोटर!" महिपती खेकसला. मग घराकडं तोंड करून ओरडला, "ए, हिकडं ये!"

सोजरबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली. त्याने स्क्रूड्रायव्हरची मूठ तिच्या कानाला लावली. तिने एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा उदयसिंहाकडं, आणि डोळे मिटले. अगदी तो मिटायचा तसे.

"शिट्टी हाय?"

"हाय. बारीक."

"सरळ का तुटक?"

"तुटक... थांबा की वो, वरडू नका. तुटक हाय."

"बेरिंग," महिपतीने उदयसिंहाला सांगितलं, पूर्वीच्याच गुर्मीत. "बंद कर."

उदयसिंहाने खटका दाबला. मोटर घरघरत थांबली. सोजरबाईने डोळे उघडले, कानावरचं पीठ पुसलं.

"थांबली," ती म्हणाली.

महिपतीने मान डोलावली. त्याच्या कानातली चालूच होती.