चाकाची साक्ष

"ओकलं! चाकानं रक्त ओकलं!"

आरोळी उठली आणि पुढच्यांच्या पाठीवर मागचे चढले. पांढऱ्या टॅक्सीच्या पुढच्या चाकावर साक्षीबाबानं बाटलीतून फवारा मारला होता. आधी काहीच झालं नाही. मग चाकाच्या राखाडी आऱ्यांवर जांभळट ठिपके उमटले, ठिपक्यांचे ओघळ झाले, आणि बघता बघता लालजर्द धारा टायरवरून रस्त्यावर टपकू लागल्या. वासही सुटला, कुजका आणि नाकात घुसणारा.

"मढ्याचा वास आहे हा!" बाबा अत्तराचा रुमाल नाकाला लावून गरजला. "माणसाची जीभ खोटं बोलते. चाक गोल आहे, त्याला तोंड लपवायला कोपरा नाही! माझ्या साक्षीजलानं विचारलं, चाकानं सांगितलं. ह्यानंच पोरीला चिरडलं!"

टॅक्सीवाल्याला दोघांनी धरून ठेवलं होतं. "अहो, मी त्या दिवशी ह्या रस्त्यानं..." एवढंच तो बोलला. पुढचं वाक्य ठोशानं घशात गेलं आणि समोरचा दात बाहेर पडला. ठोसा मारणारा वेल्डर होता, मेलेल्या पोरीचा बाप.

समोरच्या वर्कशॉपमधून एक बाई तोंडावरचा मास्क खाली ओढत धावत आली. गल्लीत तिला सगळे चाकवाली म्हणत. गाड्यांची अलॉय चाकं नवी करून देणं हा तिचा धंदा. जुना रंग उतरवायचा, पोचे काढायचे, नवा रंग चढवून भट्टीत भाजायचा. नवरा गेल्यावर "आता हिला काय जमणार" म्हणून लोकांनी नाकं मुरडली होती. तेव्हा ती अवजड भट्टी खांद्यावर घेऊन आत आणून बसवली ती ह्याच वेल्डरनं, तिच्या थोरल्या दिरानं.

आणि पुतणी तर तिच्याकडेच पडीक असायची. गिऱ्हाईक आलं की रंगांच्या पट्ट्या त्याच्यापुढे पसरून ही पोरगी मोठ्या रुबाबात सांगायची, "काका, झगझगीत काळा घेऊ नका, एक ओरखडा पडला की रडाल." एकोणीस वर्षांची पोर. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे सायकलवरून कॉलेजला निघाली, मागून कुणीतरी उडवलं आणि न थांबता निघून गेलं. पोलीस म्हणाले तपास चालू आहे. बाप अन्नाला शिवेना. मग गल्लीत हा बाबा उगवला.

चाकवालीला बाबाची कीर्ती ठाऊक होती. गेल्याच महिन्यात पलीकडच्या वस्तीत चाकाच्या साक्षीवरून एका ट्रकवाल्याचा डोळा काढला होता लोकांनी. ऐकून ती चुकचुकली आणि आपल्या कामाला लागली. आपल्याला काय त्याचं, म्हणाली. आज ते तिच्या दारात आलं होतं.

"भाऊजी, सोडा त्याला! मरेल तो!"

"मरू दे!" वेल्डरनं टॅक्सीवाल्याच्या पोटात लाथ घातली. तो दुमडला. मग पाठीवर, बरगड्यांवर, जिथे सापडेल तिथे लाथा बसू लागल्या. ज्यांची पोर नव्हती, ज्यांनी पोरीला कधी पाहिलंही नव्हतं, तेही हात धुऊन घेत होते. एकानं त्याच्या उजव्या हाताची बोटं बुटाखाली रगडली आणि हसला.

"तुझ्याकडेच टाकली होती ना ह्यानं चाकं?" कुणीतरी चाकवालीवर ओरडलं. "अपघात झाल्यावरच कशी रंगवावीशी वाटली?"

"मागची दोनच टाकली होती, फुटपाथला घासली म्हणून!" ती ओरडली. "आणि तासभर बसला होता रंग निवडत. पळून जाणारा माणूस काळा घेऊ की चंदेरी, ह्यावर तासभर डोकं खातो का?"

"गाडी पांढरी आहे माझी," टॅक्सीवाला रक्ताच्या गुळण्या टाकत म्हणाला. "विचारा की कुणीतरी... सायकलीला कुठला रंग..."

"रंग ही माया!" बाबा कडाडला. "चाक हेच सत्य!"

वा रे सत्य! त्या एका वाक्यावर माणूस जिवानिशी जायची वेळ आली. वेल्डरनं चाकाचे नट खोलायचा लांब पाना उचलला. चाकवाली गर्दीत घुसली. कुणाचं तरी कोपर तिच्या तोंडावर बसलं, ओठ फाटला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. ती टॅक्सीच्या चाकावरच आपटली. नाक त्या लाल ओघळापासून वीतभर अंतरावर, आणि तो कुजका वास भसकन आत गेला.

हा वास? अरे, हा वास तर ती रोज सकाळी चहाच्या आधी घेत होती!

ती उठली ती सरळ बाबावर गेली. त्याचा बाटलीचा हात धरला आणि मनगट असं पिळलं की चाकं उचलून घट्ट झालेल्या तिच्या हातात त्याचं हाड करकरलं.

"आई गं!" बाबा किंचाळला. "पापिणी! हे जल दुसऱ्याच्या हाती विष होतं!"

"होऊ दे," म्हणत तिनं बाटली हिसकावली.

वेल्डरचा पाना वर गेला होता. खाली टॅक्सीवाल्याचं डोकं होतं. चाकवाली मधे येऊन उभी राहिली.

"भाऊजी, एक मिनिट द्या मला. एकच मिनिट. मग आधी मला हाणा, नंतर त्याला."

"बाजूला हो! पोर माझी गेलीय!"

"माझीही गेलीय!" तिचा आवाज फाटला. "मांडीवर खेळवलीय मी तिला. एक मिनिट मागतेय, तिच्यासाठी."

पाना खाली आला नाही, पण थांबला. तेवढ्यात तिनं टॅक्सीच्या मागच्या, तिनंच परवा रंगवून दिलेल्या चाकावर फवारा मारला. मग चार पावलं चालून वेल्डरच्या स्वतःच्या व्हॅनपाशी गेली आणि तिच्या पुढच्या चाकावर उरलेली निम्मी बाटली रिकामी केली.

सगळे बघत राहिले. टॅक्सीचं मागचं चाक स्वच्छ होतं, पाण्याचे थेंब पडावेत तसे थेंब ओघळून गेले. आणि व्हॅनच्या चाकावर जांभळे ठिपके उमटले. त्यांचे ओघळ झाले. टायरवरून रस्त्यावर लाल धार लागली.

"ओकलं..." गर्दीतला एक जण सवयीनं म्हणाला आणि त्यानं स्वतःच तोंडावर हात ठेवला.

"बघा भाऊजी," चाकवाली म्हणाली. "तुमच्या गाडीनं साक्ष दिली. तुम्हीच मारलंत का पोरीला?"

वेल्डरचा चेहरा पांढरा पडला.

"रक्तात लोह असतं, म्हणून लाल होतं," दवाखान्यातला कंपाउंडर मागून शहाणपणा करायला गेला.

"मग व्हॅनवर कुणाचं रक्त आहे ते सांग, शहाण्या!" ती गर्रकन वळली. वर्कशॉपमधून निळा कॅन आणून तिनं सगळ्यांसमोर आदळला. "हे घ्या साक्षीजल, पाच लिटर! चाक धुवायचं औषध आहे. कुठलंही चाक माझ्याकडे आलं की पहिल्यांदा हेच मारते मी. ब्रेक दाबला की आतली लोखंडी तबकडी घासते, तिचा कीस उडतो आणि चाकाच्या रंगात रुतून बसतो. डोळ्यांना काळी धूळ दिसते. हे औषध त्या लोखंडाला लागलं की लाल होतं, आणि वास असाच मारतं. पुढचे ब्रेक जास्त झिजतात, म्हणून हा बाबा नेहमी पुढच्याच चाकाला प्रश्न विचारतो. मागची मी खरवडून भाजून दिलीत, त्यांच्यावर कीसच नाही, तर ती काय बोलणार? दुसऱ्या खिशात बघा त्याच्या. ज्याला सोडायचं त्याच्यासाठी साध्या पाण्याची बाटली असेल."

होती. एकानं ओढून काढली. बाबाला पैशाचं पाकीट पोचवणाऱ्यांच्या चाकांना निर्दोष ठरवायची ती बाटली होती.

बाबा पळायला गेला. गर्दीनं त्याला कॉलर धरून आडवा केला, आणि ज्या बुटांनी टॅक्सीवाल्याची बोटं रगडली होती तेच बूट आता बाबाच्या तोंडावर पडले. नाक फुटलं. "ठेचा ह्याला!" वेल्डर पाना उगारून धावला. चाकवालीनं पुन्हा मधे अंग घातलं. ह्या खेपेला तो दांडा तिच्या खांद्यावर बसलाच. ती गुडघ्यावर आली, पण हटली नाही.

"ह्याला वाचवतेस?" वेल्डर ओरडला.

"हा मेला तर पोलिसांना कोण सांगणार त्यानं किती जणांना फसवलं ते? आणि भाऊजी, तो खोटा निघाला म्हणून तुमचा पाना खरा झाला का? तुम्हाला कुणाला तरी मारायचंय. मला पोरीला मारणारा हवाय." तिनं रडतच खांदा दाबून धरला. "सायकल कुठाय तिची?"

"घरामागे. पोलिसांनी दिली परत."

"मडगार्डला रंग लागलाय का कुठला?"

"हिरवा," तो म्हणाला. "हिरवा ओरखडा आहे."

"तीन आठवडे पडलाय तो तुमच्या घरामागे. मी जन्मभर रंगाचं काम करते आणि मीही बघायला आले नाही. सायकलीकडे बघवत नव्हतं मला. कंपनीचा रंग आहे की नंतर मारलेला, किती थर आहेत, एवढं तर मी सांगू शकले असते. ते सोडून आपण चाकाच्या तोंडाला कान लावून बसलो."

पाना रस्त्यावर पडला. वेल्डर खाली बसला, टॅक्सीवाल्याचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं आणि लहान पोरासारखा हंबरडा फोडला. "माफ कर रे, भावा, माफ कर." टॅक्सीवाल्याचं तोंड सुजून मिटलं होतं. त्यानं नुसती मान हलवली. ती होय म्हणून की नाही म्हणून, कुणाला कळलं नाही.

मग वेल्डरनंच त्याला उचलून लाल ओघळ गळणाऱ्या त्या व्हॅनमध्ये निजवलं आणि दवाखान्याकडे गाडी हाकली. चाकवाली त्याच्या घरामागची सायकल आणायला गेली. बाबाला पोलीस येईपर्यंत कंपाउंडरनं धरून ठेवलं, आणि कुणी हात उगारला तर चाकवालीचं नाव सांगून त्याला आवरलं.

तेव्हा बाबांनो, कुणी उद्या तुमच्या दारात येऊन चाकाला, दगडाला नाहीतर भिंतीला बोलतं करून दाखवलं, तर आधी त्याच्या हातातली बाटली मागून घ्या आणि तीच स्वतःच्या गाडीवर मारून बघा. फार तर एक मिनिट जाईल. त्या दिवशी तेवढं एक मिनिट कुणी आधी दिलं असतं, तर टॅक्सीवाल्याचा उजवा हात आज स्टिअरिंगवर असता.