नाव पोटात ठेवलेली चहादाणी

मित्रांनो, मी एक जुनी चहादाणी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. तुमच्यावरही नाही. तुम्ही चांगल्या घरची पोरं दिसता. पण चांगल्या घरची माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. तेव्हा गोष्ट सांगेन, पण तिच्यातलं एक नाव माझ्या सवडीने सांगेन.

दक्षिण चीनमधल्या एका नदीकाठच्या भट्टीत माझा जन्म झाला. कुंभाराने माझ्या पोटावर निळे दोन मासे काढले आणि एकाचा डोळा काढायचा विसरला. तो मासा कायमचा झोपलेला, दुसरा माझ्यासारखा कायमचा जागा. कापूस भरलेल्या वेताच्या टोपलीत बसून मी बाजारात आले, तिथून एका आईच्या घरी. तिचा लहानगा सोन्याच्या डोंगराला निघाला होता. आमच्या गावात अमेरिकेला तेव्हा तसंच म्हणत. टोपली बांधताना ती गुणगुणत होती,

सोन्याच्या डोंगराला लेक माझा गं निघाला
नाव ठेव उशापाशी, वारा सांगेल कुणाला

नाव खरोखरच ठेवून जायचं होतं. त्या काळी आमच्या लोकांना तिकडे उतरूच देत नसत. आधीपासून तिथे असलेल्या एखाद्याचा मुलगा असलात तरच दार उघडे. म्हणून फाँग नावाच्या एका परक्या माणसाचा मुलगा होऊन हा पोरगा बोटीत चढला. त्या फाँगचं गाव, घर, शेजारपाजार सगळं एका कागदावर लिहून दिलेलं. बोटीवर त्याने ते घोकलं. किनारा दिसायच्या आत कागद माझ्या पोटात टाकला, वर गरम चहा ओतला आणि लगदा झाल्यावर समुद्रात रिकामा केला. दुसऱ्या चहादाण्यांच्या पोटात चहापत्ती मुरते. माझ्या पोटात एक अख्खं खोटं घर मुरलं.

पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतलं ते बेट, आणि बेटावरचं ते लाकडी घर. तिथे आलेल्यांना कोंडून ठेवत आणि सरकारी साहेब विचारी, दार कुठल्या दिशेला, विहीर कुठल्या अंगाला, तांदळाचा रांजण कुठल्या कोपऱ्यात. मग काही दिवसांनी तेच प्रश्न उलटे फिरवून. उत्तर हललं की परतीची बोट. पोरगा हलला नाही. साहेबाने माझ्या टोपलीचं अस्तरसुद्धा उसवून कापूस तपासला. अस्तर नंतर शिवलं, माझं मन मात्र उसवलेलंच राहिलं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीत फाँग आडनावाच्या मंडळींची बैठक होती, जिन्याने वर, देवाच्या फोटोशेजारी. पोरगा धोबीखान्यात इस्त्री करता करता मोठा झाला आणि त्या बैठकीतला फाँगदादा झाला. मी तिथलीच झाले. दुपार झाली की मी टेबलाभोवती फिरायची. कुणी माझं झाकण कलतं ठेवलं की समजायचं, पाणी संपलं, आणखी ओता. पेला भरला की माणसं दोन बोटांनी टेबलावर टकटक करत, तेच आभार. म्हातारे म्हणत, ही चहादाणी म्हणजे आपल्या बैठकीची थोरली सून, हिच्यावाचून पान हलत नाही. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

फाँगदादाने संसार केला, मुलं वाढवली, बायकोला मूठमाती दिली. तिलाही त्याने खरं आडनाव सांगितलं नाही. मध्ये सरकारने जाहीर केलं, खोटं नाव कबूल करा, माफ करू. पण एकाने तोंड उघडलं की त्याच फाँगच्या नावावर आलेले सगळे उघडे पडणार, साखळीतली कडी ओढावी तसे. त्याने विश्वास ठेवला नाही. मीही नाही. फक्त बायकोच्या थडग्यापाशी उभं राहून तो शेजारची मोकळी जागा बघे. तिथे एक दिवस आपल्यावर परक्याचं नाव कोरलं जाणार, हे त्याला सोसवत नव्हतं. बोलायची भीती आणि न बोलता मरायचीही भीती, अशा दोन दगडांमध्ये त्याचं म्हातारपण भरडलं जात होतं.

दरम्यान बैठकीत विजेचं चहायंत्र आलं, कागदी पेले आले. मला फळीवर ठेवलं. माझ्या पोटात रबरबँड आणि पत्त्यांचे सुटे जोकर टाकू लागले. धूळ बसली. कुणी विचारलं नाही.

मग ती आली. थिया तिचं नाव. पिवळे केस, पाठीला पोतं. खाडीपलीकडच्या विद्यापीठात ती चिनी भाषेच्या शेवटच्या वर्षाला होती. तिथे त्या वर्षी वर्गात बसून भागत नसे. प्रत्येकाने आपला विषय आपणच निवडायचा, चिनी बोलणाऱ्या माणसांत जाऊन काम करायचं आणि सत्र संपताना शिक्षकांपुढे चिनीतूनच मांडायचं. ज्यांनी माहिती दिली त्यांना त्या दिवशी बोलवायचं, अशी रीत. थियाने विषय घेतला होता, ‘आजोबांच्या आठवणीतलं गाव’.

तिची भाषा उत्तरेकडची, आमची बोली तिला निम्मीच कळे. उरलेलं मॉयवहिनी जोडून देत. मॉयवहिनी म्हणजे चिनी शाळेतल्या निवृत्त बाई, जिभेला सुईचं टोक. पोरगी जिना चढत असतानाच त्या फाँगदादांना म्हणाल्या, "विद्यापीठाची म्हणतेय. बूट बघा तिचे, सरकारी वाटतात."

फाँगदादाने मला फळीवरून काढलं, विसळलं. माझ्यावर माया आली म्हणून नव्हे हो. कागदी पेल्यातला चहा पाहुणा घटकाभरात पितो आणि विचारायला लागतो. चहादाणीतला निवायला वेळ लागतो; तेवढ्यात माणूस विचार करू शकतो.

थियाने टेबलावर छोटं यंत्र ठेवलं, कॅसेट सुरू केली आणि गोड हसून विचारलं, आजोबा, तुमच्या घराचं दार कुठल्या दिशेला होतं? विहीर कुठल्या अंगाला? तांदळाचा रांजण कुठे असायचा?

मित्रांनो, माझ्या अंगावर काटा आला. चिनी मातीला येतो तेवढा. बिचारीने शब्दकोश चाळून, घराच्या आठवणीने म्हातारा माणूस खुलतो असं समजून ते प्रश्न बेतले होते. पण ते अक्षरशः साहेबाचे प्रश्न होते. फाँगदादाचा चेहरा सपाट झाला आणि तो बोलू लागला. दार दक्षिणेला, विहीर वडाच्या अंगाला, रांजण चुलीच्या डावीकडे. एक अडखळ नाही. ते सगळं त्या परक्या फाँगचं घर होतं, माझ्या पोटात विरघळलेलं. थिया आनंदाने लिहीत होती.

पुढल्या खेपेला तिने तेच प्रश्न फिरवून विचारले. तिच्या ताओ सरांनी सांगितलं होतं म्हणे, माहिती पडताळून घ्यावी. फाँगदादाने पेला खाली ठेवला, डोकं दुखतंय म्हणाला आणि खिडकीकडे जाऊन उभा राहिला.

मॉयवहिनींनी यंत्रावर रुमाल टाकला. "पोरी, खरं सांग. तुला पाठवलं कुणी?"

"ताओ सरांनी."

"आणि त्या सरांना?"

थियाला काही कळेना. तेव्हा वहिनींनी तिला बेटाचं सांगितलं. कुणाचं नाव न घेता, कोरड्या आवाजात, शाळेत धडा शिकवावा तसं. ऐकता ऐकता पोरीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तिने यंत्रातून कॅसेट काढली, बोटाने फीत बाहेर ओढली आणि ओढतच राहिली. टेबलावर काळ्या फितीचा ढीग झाला.

फाँगदादा खिडकीतून बघत होता. मला विचाराल तर मला वाटलं, नाटक आहे. दुसरी कॅसेट खिशात असेल.

पण त्यानंतरही ती येत राहिली. यंत्र नाही, प्रश्न नाही. यायची, मला विसळायची, पेले भरायची, बसायची. सुरुवातीला माझी चोच माणसाच्या रोखाने ठेवायची. वहिनींनी मनगटावर चापट मारून शिकवलं की असं बोट दाखवल्यासारखं ठेवू नये. हळूहळू म्हातारे बोलू लागले. धोबीखान्याची वाफ, खारवलेल्या मासळीचा वास, पत्त्यांतली भांडणं. ती ऐकायची. तिच्या समोर कुणीही गप्प बसलं तर तीही गप्प बसायची, आणि ते मला यंत्रापेक्षा जास्त संशयास्पद वाटायचं.

सत्र संपलं. तिने फाँगदादाला आणि वहिनींना आमंत्रण दिलं. फाँगदादा म्हणाला, जायला हवं, ती कुणापुढे काय ओकते ते आपल्या कानांनी ऐकायला हवं. वहिनींनी बजावलं, "त्यांचा चहा प्यायचा नाही. काय घातलेलं असेल सांगता येतं का?" म्हणून मला भरून, टोपलीत घालून बसमधून नेलं.

विद्यापीठाच्या खोलीत फाँगदादा शेवटच्या रांगेत बसला, मी त्याच्या मांडीवर. थिया फळ्यापाशी उभी राहिली. ठरवलेला विषय आपल्याकडून चुकला, हे तिने आधी सांगितलं, आणि मग बैठकीच्या दुपारी सांगितल्या, पेल्याची वाफ, टकटकणारी बोटं. वहिनी कानाशी लागून बोलीत सांगत होत्या. फाँगदादा प्रत्येक वाक्याला आपलं नाव येईल म्हणून श्वास धरी आणि ते न आल्यावर सोडी.

ताओ सर तैपेईचे, जाड चष्म्याचे. म्हणाले, "भाषा चांगली आहे. पण नावं नाहीत, ध्वनिफीत नाही. हे तू खोलीत बसून रचलं नाहीस कशावरून?"

"रचलेलं नाही, सर."

"मग कुणाकडून ऐकलं, सांग."

"ते नाही सांगता येणार."

"मग मला उत्तीर्ण नाही करता येणार. यंदा पदवी मिळायची नाही, कळतंय ना?"

"कळतंय," थिया म्हणाली आणि कागद गोळा करू लागली. शेवटच्या रांगेकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

माझं झाकण वाजायला लागलं. फाँगदादा मला मांडीवरून शेजारच्या बाकावर ठेवत होता. मी मनातल्या मनात ओरडत होते, बस खाली, सापळा आहे, दोघांनी मिळून रचलाय. तो उठला.

"मास्तर, माझ्याकडून ऐकलंय तिनं."

ताओ सरही उठून उभे राहिले. वडीलधाऱ्याला विचारतात तसं, दोन्ही हात जुळवून त्यांनी विचारलं, "आपलं थोर आडनाव?"

वहिनींनी त्याची बाही ओढली. "फाँग," त्या पुटपुटल्या. "फाँग म्हणा."

म्हाताऱ्याने बाही सोडवून घेतली. मग म्हणाला, "सीटो."

आता तुम्हालाही सांगितलं, मित्रांनो. त्याने सांगितलं म्हणून मी सांगितलं.

ताओ सरांनी खडू पुढे केला. फळ्यावर त्याने ती दोन अक्षरं काढली, लहान मुलासारखी, मोठी मोठी आणि जरा तिरकी. थिया तोंडावर हात धरून बघत होती. ती उत्तीर्ण झाली, हे वेगळं सांगायला नको.

परतीच्या बसच्या थांब्यावर मॉयवहिनींनी माझी टोपली मांडीवर घेतली. मग रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "मला संशय होताच. इतकी वर्षं फाँगदादा म्हणून हाक मारते मी. दर वेळी तुम्ही अर्धा श्वास उशिरा वळायचात."

टोपली उघडत त्यांनी विचारलं, "चहा आहे का उरलेला?"

तेव्हापासून आजवर कुणी साहेब आलेला नाही. तरी जिना वाजला की माझं झाकण हलतं. इतक्या वर्षांचा मुरलेला संशय एका दिवसात धुतला जात नाही. मित्रांनो, माझ्यासारखी जुनी भांडी फळीवर टाकून देऊ नका, आणि जुन्या माणसांनाही. आम्हाला साबण लावू नका, नुसत्या गरम पाण्याने विसळा. आणि कुणाच्या दारी गेलात तर प्रश्न खिशात राहू द्या. आधी पेला भरा, चोच बाजूला वळवा आणि बसा. ज्याचं नाव तो सांगेल. नाही सांगितलं तरी चहा प्या.