बाटल्यांनी माझी ऊब खाल्ली

मित्रांनो, मी एक जुनी उबवणी पेटी आहे. सागवानी अंग, पोटात रॉकेलचा दिवा आणि पाण्याची परात. कोंबडीवाचून पिल्लं काढणं हा माझा धंदा. नळदुर्गच्या कुक्कुटपालन सोसायटीत माझा केवढा मान! दुष्काळातलं ऊन असं होतं, की कोंबड्या उकडलेलीच अंडी घालायच्या आणि चेअरमन खिशात मीठ बाळगायचे. तरी माझी पिल्लं टवटवीत निघायची. एक कोंबडा तर कवच फुटायच्या आधीच आरवला होता. खोटं वाटत असेल तर गजराबाईंना विचारा.

गजराबाई माझी देखभाल करायच्या. विजेच्या कडकडाटानं अंडी नासू नयेत म्हणून आमच्याकडे शेजारी कोळसा आणि लोखंडी खिळा ठेवतात. बाई ते न चुकता ठेवत. सकाळ-संध्याकाळ एकेक अंडं हळूच कुशीवर वळवत.

मग सोसायटीच्या कोंबड्यांना गाठींचा रोग लागला. जनावरांचे डॉक्टर बंडप्पा त्याच रोगाच्या विषाणूवर काम करत होते. त्यांना प्रयोगासाठी ऊब हवी होती. सोसायटीनं मला उसनी दिली, गजराबाईंसकट. माझ्या पोटात अंड्यांच्या जागी आल्या चपट्या बाटल्या! तळाशी कोंबडीच्या गर्भातल्या पेशी, वर त्यांना पोसणारं गुलाबी पाणी. ना चोच, ना पंख, ना चिवचिव. आणि सगळं कौतुक त्यांचं!

डॉक्टर सांगत होते, "लई लबाड विषाणू हाय हा, गजराबाई. पेशीत घुसला की आपला डीएनए तिच्या डीएनएत शिवून टाकतो. म्या आजारी पेशीतनं डीएनएचा धागा काढलाय. विषाणूचं कवच न्हाय, काय न्हाय. हा उघडा धागा निरोगी पेशींवर घालायचा. त्यातनं विषाणू परत उभा राहतो का, ते बघायचं."

"आन् न्हाय राहिला तर?"

"तर पेटी तुमची, अंडी तुमची. राहिला तर मात्र हिच्यात परत अंडी न्हाय ठेवायची. रोगाचं घर झालं ना ते!"

त्या घटकेपासून मी त्या धाग्याचं वाईट चिंतू लागले. मी इतकी वर्षं ऊब देऊन कवचातली पिल्लं काढली, आणि हा उघडाबोडका कवचाशिवाय जन्म घेणार?

पेशींच्या आत शिरावा म्हणून पांढऱ्या क्षाराच्या गाळात धागा मिसळून डॉक्टरांनी तो पेशींवर घातला. पुढे बघतात तो पेशी सुकून मेलेल्या. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

"बाटल्या कुणी उलथ्या केल्या?" डॉक्टर ओरडले.

"म्याच की," गजराबाई म्हणाल्या. "रोज वळवते. एका कुशीवर ठेवलं तर पिल्लू कवचाला चिकटतंय न्हवं?"

"अहो बाई, ह्या पेशींनी बुडाला चिकटूनच राहायला पाहिजे! पाणी सरकलं की मेल्या."

धाग्याचा शेवटचा थेंब उरला होता. नव्या बाटल्या आल्या. सवयीनं हात पुढे जाऊ नयेत म्हणून गजराबाई हात पदरात गुंडाळून माझ्यापुढे बसायच्या. मित्रांनो, माझ्या अंड्यांसाठी त्यांनी असे हात कधी बांधले नव्हते. जळून जळून माझा दिवा काजळला.

आणि धागा जिंकला. ताडून बघायला एका बाटलीत निरोगी कोंबडीचा धागा घातला होता, ती ठणठणीत. आजारी पेशीतल्या धाग्याच्या बाटलीत मात्र पेशी गोल होऊन ढिगाऱ्यानं वाढलेल्या. तिथलं पाणी ताज्या पेशींवर घातलं, तर त्याही आजारी पडल्या. विषाणू पुरा उभा राहिला होता.

"जमलं!" डॉक्टरांनी उडी मारली. गजराबाईंनी टाळीसाठी हात उचलले, माझ्याकडे बघितलं, आणि टाळी अर्ध्यावरच राहिली.

बाटल्या वाफेच्या भांड्यात उकडल्या गेल्या. वैरी संपले; पण मला हसू काही आलं नाही. माझं पोट आता कायमचं रिकामं होतं.

घरी जायला निघालेल्या गजराबाई परत फिरल्या. त्यांनी माझ्यात कोळसा आणि खिळा ठेवला.

"रिकाम्या पेटीला विजेचं कसलं भ्या?" डॉक्टर हसले.

"रिकामी कुठं? ती हाय की!"

म्हणून मित्रांनो, कामातून गेलेल्या वस्तूलाही जपा. इकडून गेलात तर माझ्या परातीत तांब्याभर पाणी घाला, म्हणजे लाकूड चिरणार नाही. तांब्यातूनच घाला हं. बाटली घेऊन येऊ नका.