दिवा लागला की रात्र

शनिवार आला की माझे अंग सकाळपासूनच दुखू लागे. शनिवारी कचेरी लवकर सुटायची आणि आमच्या ओटीवर गंजिफा मांडला जायचा. मामेसासऱ्यांनी सावंतवाडीहून आणलेली लाखेची गोल पाने, त्यांवर दहा अवतार. खेळणारे तिघे: आमच्या घरचे, वकिलांकडे लिहिणारे हरिहरपंत, आणि मालगोदामातले विश्रामभाऊजी. तिघांना पोहे, मग पाणी, मग विडे, की पुन्हा पाणी. ओटी ते स्वयंपाकघर एवढीच माझी यात्रा.

त्या चातुर्मासात मी नक्त धरले होते. दिवसभर पोटात काही घ्यायचे नाही, तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा लावायचा आणि मग एकदाच जेवायचे. आमची उत्तरा देवीच्या आजारातून उठली, तेव्हाच देवापुढे बोलून बसले होते की एकही तिन्हीसांज चुकवणार नाही.

आता या खेळाची रीत अशी, की दिवसा ज्याच्या हाती राम त्याने पहिले पान उतरायचे, आणि रात्री ज्याच्या हाती कृष्ण त्याने. पण दिवस कुठे संपला आणि रात्र कुठे लागली, यावरून भांडणे होत. म्हणून मंडळींनी आपसांत ठरवून टाकले, की वहिनींचा दिवा लागला की रात्र. मला कोणी विचारले नव्हते.

भाद्रपदातला शनिवार. दुपारपासून आभाळ भरलेले. शेणाळे तळ्याच्या बाजूने गुरे परतली, देवळातला नगारा वाजून गेला. निरांजन हातात घेऊन मी दारात आले, तो ओटीवर नुकतीच पाने वाटून झाली होती.

"अगं, जरा थांब. दिवा लावू नकोस," इकडून सांगणे झाले.

"आला! श्रीपादाच्या हाती राम आला!" हरिहरपंत मांडीवर थाप मारून म्हणाले. "तोंड बघा, जसा राज्याभिषेकच चाललाय."

"अरे, अजून उजेड आहे. ढगांमुळे वाटतं तसं."

"कसला उजेड?" विश्रामभाऊजींनी पान डोळ्यांशी नेले. "मला हा मत्स्य की कूर्म तेही कळेना."

"तुला ते भर दुपारीही कळत नाही."

मी उंबऱ्यातच उभी. पायांत गोळे आले होते. निरांजनातली वात तुपात भिजून वाट बघत होती.

"तिन्हीसांज झाली," मी हळूच म्हटले.

"एवढं एक पान उतरू दे. मग लाव."

"मग रात्र होईल हो. बोललेलं मोडेल."

मी मागल्या दारी गेले, तुळशीपुढे दिवा लावला, हात जोडले. उत्तराने माझ्या शेजारी बसून डोळे मिटले. तिच्या गालांवरचे वण त्या उजेडात उठून दिसले.

ओटीवरून हरिहरपंतांचा आवाज आला, "झाली रात्र! काढा, कृष्ण कोणाकडे?"

कृष्ण निघाला विश्रामभाऊजींकडे. त्यांनी भीतभीत पान टाकले आणि डाव त्यांच्याकडेच वळला. "रामराया, वनवासाला निघा आता," हरिहरपंत म्हणाले, खूप हसले, आणि विडा तोंडात घालून घरी गेले.

स्वारी झोपाळ्यावर जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली.

"पान वाढू का?" मी विचारले.

"मला जेवायचं नाही."

झाले. इकडे पान झाल्याखेरीज मी जेवायची रीत आमच्यात नव्हती. मी खांबाला टेकून बसले. भूक केव्हाच मेली होती. आता नुसते बसवत नव्हते. दिवा लागला, पण नक्त अर्धेच राहिले.

"आई, तू जेवणार ना?" उत्तराने विचारले.

"आप्पा जेवले की."

विश्रामभाऊजी पायरीवर वहाणा चढवत होते. ते थांबले, वहाणा काढल्या आणि परत आत आले.

"श्रीपाद, ऊठ रे. मला भूक लागलीय. बायको माहेरी, घरी चूल थंड."

"मग जेव की. ती वाढेल."

"आणि तू झोपाळ्यावर? पाहुणा पाटावर नि यजमान रुसलेला! उद्या साऱ्या आळीला सांगतो बघ."

झोपाळा करकरला. "काय कटकट आहे," असे म्हणत का होईना, पाय धुतले गेले.

मी दोन पाने मांडली. भाऊजी माझ्याकडे न बघता जेवत होते. भात मागून घेतला, ताकही मागून घेतले, आणि शेवटचे घास बळेच गिळले. त्यांची रंगूबाई कालच माहेराहून आली होती. सकाळी विहिरीवर माझ्याच शेजारी घागर भरत होती. घरी गेल्यावर ती पाट मांडून बसलेली असणार, आणि याच माणसाला पुन्हा जेवावे लागणार. मी त्यांच्या पानात आणखी वाढले नाही.

ते गेल्यावर मी पान घेतले. उत्तरा मांडीला टेकून झोपली होती.

बाहेरून आवाज आला, "पुढल्या शनिवारी डाव लवकर मांडू. पोहे जरा आधी करून ठेव."

"बरं," मी म्हटले, आणि पहिला घास घेतला.