सात मीटरांची भिंत

धुरपताच्या सासरी सात भाऊ आणि सात चुली, पण अंगण एकच. त्या अंगणात साऱ्या सुखदुःखांची भेळ होत असे. विजेचे नवे बिनतारी मीटर बसवायला माणसं आली, तेव्हा त्यांनी डोकं चालवलं आणि सातही घरांचे मीटर एकाच भिंतीवर ओळीने ठोकून मोकळे झाले. ती भिंत धुरपताच्या खोलीची होती. संध्याकाळी त्यांचे बारीक लाल दिवे लुकलुकायला लागले की धुरपताला मोठं कौतुक वाटे.

कौतुक टिकलं नागभीडहून फोन येईपर्यंत. तिची एकुलती एक लेक करिश्मा तिकडे दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण, म्हणजे ते माहेरीच व्हायचं. धुरपताने त्याच खोलीत, त्याच भिंतीला खाट लावून ठेवली होती, कारण खिडकीतून तलावाचा वारा तिथेच येई. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून झाल्या होत्या. आणि विहीणबाई नीलाबाई फोनवर कडाडली, "सात मीटर एका भिंतीवर, अन् त्याच्या बुडाशी माहा नातू? मोबाईलवर पाह्यलं मी, त्यातून कसल्या कसल्या लहरी निंगतेत ते. करिश्मा इथीच राहीन!"

साऱ्या गावाच्या लेकी माहेरी येणार आणि आपलीच खोली रिकामी राहणार, हे धुरपताला सोसवेना. तिचा नवरा इस्तारी तलावात मासे धरणारा. त्याने आपल्या परीने इलाज केला: बारीक डोळ्यांचं जाळं आणलं आणि सातही मीटरांवर पांघरलं. "यातून चिंगळी सुटत नाई, हे काऊन सुटन?" थोरली जाऊ मैना म्हणाली, जाळ्याने काय होते, पत्रा ठोका.

शेवटी धुरपताने चिमूरला वीज कार्यालयात जाऊन इंजिनिअर बाईलाच गाठलं. निशा नावाची तरुण पोरगी, मोजायचं यंत्र घेऊन येते म्हणाली. धुरपताने त्याच दिवशी नीलाबाईला मरळ माशाच्या रश्श्याचं आमंत्रण धाडलं. मरळ म्हटलं की नीलाबाई कितीही रागात असली तरी येते, हे तिला ठाऊक होतं.

आली. तोंड फुगवून, पण आली.

जाळं पाहून निशाला हसू आवरेना. "काका, नायलॉनच्या जाळ्याने हे अडत नाही. आणि पत्रा तर ठोकूच नका. मीटरचं बोलणं बाहेर पोचलं नाही, तर तो पुन्हा पुन्हा बोलत राहील." मग तिने समजावलं, मीटर काही दिवसभर बोलत नाहीत. मधूनच क्षणभर बोलतात, किती वीज जळली ते सांगतात आणि गप्प बसतात.

"म्हंजे आमच्या घरच्या बायायहून मीटर बरे!" इस्तारी म्हणाला. त्यावर सातही जणी एकदम तुटून पडल्या, आणि त्याचं म्हणणं आपोआप खरं ठरलं.

निशाने खाटेच्या उशाशी यंत्र धरलं. आकडा जेमतेम हलला. "सातही एकाच वेळी बोलले असं धरलं, तरी धोक्याची जी मर्यादा ठरली आहे, तिच्या कितीतरी खाली आहे हे. हातभर मागे सरलात की आणखी कमी."

"पावसापान्यात?" नीलाबाईने विचारलं.

"तेव्हाही एवढंच."

"अन् बारकं लेकरू असन तर?"

"ती मर्यादा लेकरांना धरूनच ठरवली आहे, बाई."

नीलाबाईचे प्रश्न संपेनात. एकाचं उत्तर मिळालं की दुसरा तयार. मध्येच तिने कमरेचा मोबाईल काढला आणि नागभीडला लावला. "काऊन वो पोरी, जेवली का? दूध घेतलं? पलंगाखाली वाकू नको बरं."

तेवढ्यात निशाच्या हातातल्या यंत्राचा आकडा टुणकन वर चढला. सातही मीटरांना जमलं नव्हतं ते नीलाबाईच्या एका फोनने केलं. अंगण हसून लोटपोट झालं. "घाबरू नका, हेही मर्यादेतच आहे," निशा हसतच म्हणाली.

एकटी धुरपता हसली नाही. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. करिश्मा सासरी गेल्यावर ती स्वतः फोनवर अशीच बोले, जेवली का, दूध घेतलं का, आणि फोन ठेवला की घर खायला उठे. नीलाबाईला नवरा नाही. मुलगा सूरजागडच्या खाणीत ट्रकवर, महिन्यातून एकदा घरी. घरात उरतं कोण?

तिने जावांना रश्श्याकडे पिटाळलं आणि विहिणीजवळ टेकली. "इहीनबाई, भेव मीटरचा नाई ना?"

नीलाबाईचे डोळे भरून आले. "पोरगी आली तवापासून माह्या घरात आवाज हाय. ते इथी आली तर मी कोनासंग बोलू? भिंतीसंग?"

आपली लेक अडवून ठेवणारी ही बाई. धुरपताला खरं तर राग यायला हवा होता. आली ती माया. "मंग तुमी बी या ना!"

"सुनेच्या मायेरी सासू राह्यते का कुठी? लोक हासतीन."

"हासू द्या. सात चुली हायत, रोज एकीकडं जेवा."

करिश्मा आली तेव्हा दोन पिशव्या तिच्या होत्या आणि तीन नीलाबाईच्या. चिमूरच्या दवाखान्यात मुलगी झाली. घरी आणल्यावर खाट कुठे लावायची याची चर्चाच झाली नाही. वाऱ्याची जागा लेकीला आणि नातीला मिळाली. आणि नीलाबाईने त्यांची खाट थोडी पुढे सरकवून मधल्या जागेत, थेट मीटरांच्या भिंतीला, स्वतःची खाट लावली. शेजारणीने विचारलंच, "बाई, मीटरचं भेव नाई वाटत?"

"सात हायत," नीलाबाई म्हणाली, "पन आमची पोरगी रडाले लागली का एकाचं बी चालत नाई."

सातही घरांत हशा पिकला. मुलगा सूरजागडहून बायकोच्या फोनवर विचारी, आईचा मोबाईल का लागत नाही. मोबाईल खुंटीवरच्या पिशवीत कधीचा बंद पडलेला होता. तो चार्ज करायची नीलाबाईला आठवणच होत नव्हती. जिला फोन लावायचा ती, आणि तिच्या कुशीतली नात, दोघी आता हातभर अंतरावर झोपलेल्या होत्या.