रेडिओची खरखर

कंपनीनं माझ्याकडच्या जुन्या मोबाइल फोनकडे पाठ फिरवून जमाना लोटला. पण कंपनी विसरली म्हणून चांगला चालता फोन भंगारात काढायचा, हे मला पटत नाही. म्हणून दिवसभर ऑफिसांमधले प्रिंटर दुरुस्त करून घरी आलो, की मी त्या फोनसाठी स्वतःची सिस्टीम बनवतो. कंपनीनं फोनच्या सिस्टीमला घातलेलं कुलूप उघडायचं आणि माझी टाकून घ्यायची, फुकट. एके काळी घेणाऱ्यांची झुंबड असायची. पुढे सगळे नव्या फोनांवर गेले आणि उरल्या एकट्या आत्याबाई. हे त्यांचं इंटरनेटवरच्या आमच्या फोरमवरचं टोपणनाव. खरं नाव मी कधी विचारलं नाही. मला त्या डॉक्टर म्हणतात.

कुलूप उघडायला त्यांना मीच शिकवलं. "सावध राहा, उघडलं की आतलं सगळं पुसलं जातं. फोटो, मेसेज, सगळं," असं बजावलं, तर त्यांनी लिहिलं, "पुसू द्या, डॉक्टर. जपून ठेवावं असं त्यात काही नाही." तेव्हा मला ती गंमत वाटली होती.

गेल्या महिन्यात माझं डोकं फिरलं. एका माणसासाठी किती रक्त आटवायचं? फोरमवर जाहीर करून टाकलं: ही शेवटची आवृत्ती. काही बिघडलं असेल तरच लिहा.

तेव्हापासून आत्याबाईंचा फोन बिघडतच सुटला. गजर उशिरा वाजतो. फोटो हिरवट येतात. मी माझ्या फोनवर तपासत बसायचो, तर सगळं ठणठणीत. चिडचिड व्हायची, पण घरी यायची घाईही व्हायची. ताई फोन करते ती फक्त लग्नाचं मनावर घे म्हणून सांगायला. एरवी या दोन खोल्यांत आवाज करतो तो फ्रिज.

काल आत्याबाईंनी लिहिलं, "डॉक्टर, रेडिओ फार खरखरतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या फोनमध्ये रेडिओ नाहीच! त्याचा स्क्रू न् स्क्रू मला पाठ आहे. कंपनीनं रेडिओ कधी बसवलाच नव्हता. म्हणजे गजर थाप, फोटोही थापच. बाईनं मला चांगलंच वेड्यात काढलं होतं. "आत्याबाई, खोटं बोलताना निदान" इथवर टाइप केलं, आणि वर माझीच सूचना दिसली: काही बिघडलं असेल तरच लिहा.

राग कुठल्या कुठे गेला. दोन शब्द बोलायचे म्हणून त्या बाईला काहीतरी बिघडवावं लागत होतं. आणि बोलायला मिळाला कोण, तर माझ्यासारखा तिरसट. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. टाइप केलेलं पुसलं.

"खरखर माझ्याकडेही येते," मी लिहिलं. "कारण सापडायला बरेच दिवस लागतील. रोज संध्याकाळी रेडिओ लावून बघा आणि मला कळवत जा."

वाटलं, ओशाळल्या, आता काही पुन्हा लिहायच्या नाहीत. उगीच चहाचं भांडं घासून आलो, तर उत्तर आलं होतं.

"कुठलं स्टेशन लावू, डॉक्टर?"